पोल व्हॉल्टमधला खालचा हात: ताठ, ढिला की आणखी काही?

पोल व्हॉल्ट, म्हणजे लांब पोलच्या आधाराने उंच आडव्या बारवरून उडी मारण्याचा खेळ, शिकायला लागलो तेव्हा दोन वर्षं मी एकच सूचना ऐकली: “डावा हात ताठ!” पोलचं टोक जमिनीतल्या बॉक्समध्ये आदळलं की डावं कोपर कुलूप लावल्यासारखं बंद करायचं, हात समोर रेटायचा आणि पोल वाकवायचा. मी जीव खाऊन रेटायचो. पोल झक्क वाकायचा. कडेला बसलेली पोरं “आहा” म्हणायची, आणि पुढच्याच क्षणी तो वाकलेला पोल मला जिथून आलो तिथेच, धावपट्टीवर, आणून सोडायचा. गादीपेक्षा धावपट्टीशीच माझी जास्त ओळख झाली.

मग एकदा सर्गेई बुबकाच्या उडीची सलग छायाचित्रं पाहायला मिळाली. पाय जमीन सोडतोय त्या चित्रात त्याचं डावं कोपर चक्क वाकलेलं होतं, आणि तेही बाहेरच्या बाजूला. ज्या माणसाने ३५ वेळा विश्वविक्रम केला, त्याचा डावा हात आमच्या मैदानाच्या हिशेबाने नापास होता! तेव्हापासून हा खालचा हात डोक्यात बसला तो बसलाच.

आधी कोण कुठे आहे ते पाहू. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा उजवा हात पोलवर वर असतो, डावा खाली, आणि उडी डाव्या पायावरून. डावखुऱ्याने सगळं उलटं वाचावं. दोन हातांमध्ये साधारण हातभर, म्हणजे ४५ ते ६० सेंटिमीटर अंतर असतं. धावपट्टीच्या शेवटी जमिनीत गाडलेला बॉक्स असतो. तो उतरत उतरत मागच्या भिंतीपाशी २० सेंटिमीटर खोल होतो. धावत येऊन पोलचं टोक त्या भिंतीला भिडवायचं आणि त्याच वेळी दोन्ही हात डोक्यावर न्यायचे, याला प्लँट म्हणतात. लगेच डावा पाय जमीन सोडतो, तो टेकऑफ. तो शेवटचा पाय जमिनीवर टेकलेला असतो सेकंदाच्या आठव्या-दहाव्या भागापुरता. खालच्या हाताचं सगळं महाभारत एवढ्याशा वेळात घडतं.

गंमत अशी की एके काळी प्लँटच्या क्षणी खालचा हात खाली नसायचाच. आपण या खेळाला अजून ‘बांबू उडी’ म्हणतो, आणि खरोखरच बांबू वापरला जायचा त्या काळात खेळाडू धावताना हात एकमेकांपासून लांब धरायचे, पण पोल बॉक्सकडे जाताना डावा हात सरकवत वर उजव्या हाताला नेऊन भिडवायचे. दोन्ही हात एकत्र, आणि शरीर त्यांच्याखाली लांबलचक लटकलेलं. बांबू फारसा वाकत नाही, त्यामुळे सगळी भिस्त झोक्यावर असायची. डावा हात खालीच राहिला तर तो शरीराला पोलपासून दूर रेटतो आणि झोका अडतो, हे त्या लोकांना अनुभवाने ठाऊक होतं. अमेरिकेच्या कॉर्नेलियस वॉर्मरडॅमने १९४२ मध्ये बांबूवर ४.७७ मीटरची उडी मारली. तो विश्वविक्रम मोडायला १९५७ साल उजाडलं, आणि तोपर्यंत धातूचे पोल आले होते.

मग फायबरग्लास आलं. १९६१ मध्ये जॉर्ज डेव्हिसने फायबरग्लासच्या पोलवर ४.८३ मीटरचा विश्वविक्रम केला, आणि १९६४ मध्ये फ्रेड हॅन्सन ५.२८ मीटरवर होता. अवघ्या तीन वर्षांत ४५ सेंटिमीटर. आता पोल धनुष्यासारखा वाकत होता, त्यामुळे हात सरकवण्याची गरज उरली नाही. डावा हात जिथल्या तिथे राहिला. मग त्याला काहीतरी काम द्यायला हवं, असं लोकांना वाटू लागलं. वरच्या हाताने खाली ओढा, खालच्या हाताने पुढे ढकला, पोल वाकतो. दिसतंही तसंच. ‘डावा हात ताठ’ हा मंत्र इथून जगभर पसरला आणि आमच्या मैदानापर्यंत पोचला.

हे पूर्ण खोटं नाही, पण अर्धं खरं आहे. घरात प्लास्टिकची ३० सेंटिमीटरची फुटपट्टी असेल तर आत्ता करून बघा. पट्टी टेबलावर उभी धरा आणि वरच्या टोकावर तळव्याने सरळ खाली दाबा. थोडा वेळ काही होत नाही, मग पट्टी एकदम पोट काढते. बाजूने कुणीच ढकललेलं नसतं. लांब, सडपातळ वस्तू टोकांकडून दाबली की ती बाजूला वाकते. किती भाराला वाकेल याचं गणित लिओनार्ड ऑयलरने अठराव्या शतकातच मांडून ठेवलंय. आता त्याच पट्टीच्या वरच्या टोकाजवळ दोन्ही हातांच्या चिमटी तीन-चार सेंटिमीटर अंतरावर धरा आणि पिळून वाकवायचा प्रयत्न करा. वाकेल, पण तेवढ्याच तुकड्यात, आणि बोटं दुखतील.

पोल त्या पट्टीहून पंधरापट लांब असतो. साडेचार मीटरच्या पोलवर हातांमधलं अंतर अर्धा मीटर धरलं तर तो पोलचा नववा भाग. सत्तर किलोचा माणूस सेकंदाला आठ-नऊ मीटर वेगाने येऊन पोलच्या वरच्या टोकाशी लटकतो, तेव्हा पोलवर त्याच्या लांबीच्या दिशेने जो दाब येतो तोच पोलला वाकवतो. म्हणजे पोल वाकवते ती धाव. हातांच्या ओढ-ढकलीने त्याला थोडी मदत होते, पोट कोणत्या बाजूला काढायचं हेही ठरतं, पण मुख्य मजूर हात नव्हेत.

धावेचा हिशेब इतका मोठा आहे की तो एकदा मांडून टाकतो. सेकंदाला साडेनऊ मीटर वेगाची सगळी ऊर्जा उंचीत बदलली तर साधारण ४.६ मीटर उंची मिळते. माणसाचा गुरुत्वमध्य उभ्यानेच जमिनीपासून मीटरभराहून थोडा वर असतो, तो मिळवा. पावणेसहा मीटरच्या आसपास पोचलात. वरचं थोडंफार म्हणजे टेकऑफची उसळी आणि पोलवर उलटं झाल्यावर खांद्यांनी दिलेला रेटा. या जमाखर्चात ‘डाव्या हाताने पोल वाकवणे’ असं जमेचं खातं नाही. खर्चाचं मात्र आहे.

खर्च कसा होतो? वडाच्या पारंबीला लटकून झोका घेतला असेल तर लगेच कळेल. धावत येऊन पारंबी पकडली की छाती पुढे जाते, पाय मागे राहतात, अंग धनुष्यासारखं ताणलं जातं आणि मग पाय सपकन पुढे येतात. झोक्याची सगळी मजा त्या ताणात असते. आता कल्पना करा की पारंबी पकडताना एका हाताचं कोपर ताठ करून तुम्ही तिला छातीपासून लांब रेटून धरलीय. छाती पुढे जाणारच नाही. ती अडली की कंबर आणि पाय खालून पुढे सटकतात, अंग कमरेत मोडतं आणि झोका सुरू होण्याआधीच संपतो.

पोल व्हॉल्टमध्ये असे दोन झोके एकाच वेळी चालू असतात. पोल बॉक्समधल्या टोकाभोवती उभा होत जातो, हा एक. खेळाडू वरच्या हाताखाली झुलतो, हा दुसरा. दुसरा झोका लांब आणि सावकाश असेल तोवर पोलला उभं राहायला सवड मिळते. खेळाडू लवकर गोळा झाला की झोक्यांचा मेळ बिघडतो.

शिवाय क्रिया-प्रतिक्रियेचा नियम. तुम्ही पोलला पुढे ढकलता तेव्हा पोलही तुम्हाला तितकंच मागे ढकलतो, आणि पाय जमिनीवरून सुटलेले असल्याने तुमच्याकडे टेकायला काहीच नसतं. पोल खूप वाकलेला दिसतो, पण बॉक्सपासून वरच्या हातापर्यंतची सरळ रेषा उभी होत नाही. मग पोल सरळ होताना तुम्हाला वर आणि पुढे फेकण्याऐवजी वर आणि मागे फेकतो. माझी ती धावपट्टीवरची वारी म्हणजे हेच होतं, आणि ते “आहा” फुकट गेलं.

हे समजल्यावर मी दुसरं टोक गाठलं. डावा हात पार ढिला सोडला. त्याचीही फळं मिळाली. हात कोसळला की छाती थेट पोलवर जाते, पोल नाकासमोरून जातो, आणि कधी कधी नाकासमोरून जात नाही! शरीर आणि पोल यांच्यात जागाच उरत नाही, खांदे तिरके होतात, उडी बाजूला भरकटते. बारपेक्षा गादीच्या कडेची चिंता जास्त. नवशिक्यासाठी ताठ हातापेक्षा हा प्रकार अधिक धोक्याचा आहे असं मला वाटतं, कारण ताठ हाताने उडी वाया जाते, कोसळलेल्या हाताने माणूस कुठे पडेल याचा भरवसा नसतो.

खालच्या हाताचं खरं काम वेगळंच आहे, आणि ते पोल बॉक्सला लागण्याआधी सुरू होतं. ते काम उचलण्याचं. धावताना उजवा हात कमरेशी असतो, डावा छातीसमोर, पोल डाव्या हाताच्या अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात टेकलेला. शेवटची तीन पावलं डावं-उजवं-डावं. पहिल्या डाव्याला हात कमरेवरून निघतात. उजव्या पावलाला उजवा हात कानाशी आलेला असतो आणि डावा कपाळाच्या उंचीला. शेवटच्या डाव्याला उजवा हात डोक्यावर पूर्ण ताणलेला. या सगळ्या प्रवासात डावा हात पोलला वर ढकलत राहतो, धान्याचं पोतं फळीवर चढवताना खालून हात लावतो तसा. त्याची दिशा आधी वर, आणि पुढे नंतर. ज्याने हा क्रम उलटा केला त्याचा वरचा हात कानापाशीच अडकतो.

उंची का महत्त्वाची, याचं एक साधं गणित आहे. समजा वरच्या हाताची पकड टोकापासून साडेचार मीटरवर आहे. हात जमिनीपासून २.२० मीटर उंच असेल तर बॉक्सची २० सेंटिमीटर खोली मिळवून २.४० होतात, आणि पोल जमिनीशी साधारण ३२ अंशांचा कोन करतो. हात दहाच सेंटिमीटर वर असता तर कोन ३४ अंशांच्या जवळ गेला असता. दीड अंश म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. पण पोल जितका आडवा तितका धक्का छातीवर, जितका उभा तितका वेग शिल्लक. न वाकणारा पोल धरला तर आदळल्यानंतर शिल्लक राहणारा वेग या कोनाच्या ज्येवर (साइनवर) अवलंबून असतो, आणि या दहा सेंटिमीटरने तो सुमारे चार टक्के वाढतो. वाकणारा पोल बराच धक्का गिळतो, पण कल तोच राहतो. धावेत चार टक्के वेग वाढवायला किती महिने लागतात ते धावणाऱ्यांना विचारा. इथे ते हात पूर्ण वर नेऊन मिळतात.

आणि टेकऑफच्या क्षणी? कडक क्रिकेट बॉल झेलताना हात कसा असतो, तसा. ताठ धरला तर बॉल उडून जातो, ढिला सोडला तर तोंडावर येतो. झेलणारा हात घट्टही असतो आणि थोडा मागेही जातो. खालचा हात पोलला वर दाबत असतो, धक्का बसताच कोपर थोडं वाकतं, पण खाली पडत नाही, बाहेर डावीकडे वळतं. त्या वळण्याने छातीला पुढे जायला दार उघडतं. छाती गेली, अंग ताणलं गेलं, की झोक्याबरोबर तोच हात पुन्हा सरळ होऊ लागतो आणि शरीर-पोल अंतर राखतो. बुबकाच्या छायाचित्रात मला दिसलेलं वाकलेलं कोपर म्हणजे हा मधला क्षण होता. एकच चित्र बघून ‘हात वाकवायचा असतो’ असा निष्कर्ष काढणं हीसुद्धा चूकच, आणि ती मी करून बसलो होतो.

बुबका आणि त्याचे प्रशिक्षक विताली पेत्रोव्ह यांची कल्पना याहून पुढची होती. पोल वाकायला लागण्याआधीच पाय जमिनीवरून सुटलेला हवा. म्हणजे टोक बॉक्सच्या भिंतीला भिडतं तेव्हा तुम्ही उडालेले असता, आणि पोलमध्ये जाते ती अख्खी, न तुटलेली धाव. असा निर्मळ टेकऑफ प्रत्येक उडीत साधतो असं नाही. पण तेच लक्ष्य ठेवलं की डाव्या हाताने पोल वाकवायचा प्रश्नच निकालात निघतो. जमिनीवर पाय रोवून ढकलायला वेळच नसतो. याच वाटेने बुबका १३ जुलै १९८५ ला पॅरिसमध्ये सहा मीटर ओलांडणारा पहिला माणूस ठरला आणि १९९४ मध्ये इटलीतल्या सेस्त्रिएरेला ६.१४ वर पोचला. पेत्रोव्ह नंतर येलेना इसिनबायेवाला शिकवत होते. तिचा २००९ चा झुरिकमधला ५.०६ मीटरचा महिलांचा विश्वविक्रम त्याच काळातला.

सगळे प्रशिक्षक हे मानतात असं मात्र नाही. खालच्या हाताचा दणकट रेटा वापरून मोठ्या उड्या मारणारे खेळाडू झालेत, आजही आहेत. त्यांचं म्हणणं असं की रेट्यामुळे अधिक कडक पोल वापरता येतो. माझं मत विचाराल तर ताकदवान, उंच, वर्षानुवर्षं मुरलेल्या खेळाडूला ते परवडतं. चौदा-पंधरा वर्षांच्या पोराला नाही. त्याला आधी झोका यायला हवा.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो ती गोष्ट. डाव्या हातात दिसणारी चूक बहुतेक वेळा डाव्या हाताची नसते. ती पायांची असते. टेकऑफचा पाय वरच्या हाताच्या बरोबर खाली, किंवा किंचित मागे पडायला हवा. तो पुढे, बॉक्सच्या जवळ पडला की पोल पाय उचलण्याआधीच भिंतीला भिडतो आणि वाकू लागतो. वरचा हात डोक्यामागे खेचला जातो, पाठीला कमान येते, आणि स्वतःला वाचवायला शरीर आपोआप डावा हात समोर ताठ करतं किंवा तो कोसळतो. बाहेरून प्रशिक्षकाला दिसतो हात. तो ओरडतो हातावर. पोरगं पुढच्या उडीला हाताचा विचार करतं, त्या विचाराने शेवटची पावलं आखडतात किंवा लांबतात, पाय आणखी पुढे पडतो. असं वर्षभर चालू शकतं. माझं दोन वर्षं चाललं. पाय सतत पुढेच पडत असेल तर धाव सुरू करायची खूण तेवढीच मागे न्या, आणि हात आधीच्या पावलाला उचला. बऱ्याच वेळा डावा हात न बोलता शहाणा होतो.

दुसरा गुन्हेगार पोल. पोल दोन मापांनी ठरतात: लांबी, आणि तो किती वजनाच्या खेळाडूसाठी आहे ते. ४.३० मीटरचा, ७० किलोचा, असे. आपल्याकडे पोल महाग, बसमधून नेता येत नाहीत, त्यामुळे मैदानावर असतात त्या दोन-तीन पोलांवर पाच-सहा जण खेळतात. पन्नास किलोच्या पोराच्या हातात सत्तर किलोवाल्याचा पोल आला की तो धावेने वाकत नाही, मग हाताचा पहारीसारखा वापर सुरू होतो. ही सवय नंतर योग्य पोल मिळाला तरी सुटत नाही. त्यापेक्षा त्या कडक पोलवर पकड खाली घ्या आणि तो न वाकवता सरळच झोका घ्या. या परिस्थितीतून आपली मुलं वर येतायत याचं मला कौतुक आहे. २०२२ मध्ये राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत सेनादलाच्या एस. शिवाने ५.३१ मीटर मारले, आणि २०२५ मध्ये मध्य प्रदेशच्या देव मीणाने ५.३२ आणि मग ५.३५. त्याच वर्षी टोकियोत स्वीडनचा आर्मांड डुप्लांटिस ६.३० वर होता. मधलं अंतर मोठं आहे, आणि त्यातलं बरंचसं धावपट्टीवरच्या वेगाचं आहे.

सरावाचं म्हणाल तर मला सर्वांत उपयोगी पडला तो एका हाताचा प्रकार. पकड खूप खाली घ्यायची, पाच-सहा पावलांची धाव, आणि पोल फक्त वरच्या हाताने धरायचा. डाव्या हाताचा पंजा पोलला नुसता टेकवायचा, मूठ वळायची नाही. लांब उडीच्या वाळूत पोल रोवायचा आणि पायांवर उतरायचं. डाव्या हाताला ढकलायची सोयच नसल्यामुळे पहिल्यांदाच छाती पुढे जाते. मला हे जमलं त्या दिवशी खांद्यात जो ताण आला तो दोन वर्षांत कधी आला नव्हता. क्षणभर वाटलं, काहीतरी मोडलं. मग पाय आपोआप पुढे आले. हे नुसतं चालत, पोल हळूहळू वर नेतही करता येतं, रोज वीस-पंचवीस वेळा. भिंतीला टोक टेकवून उभ्या उभ्या पोल वाकवायचा एक लोकप्रिय व्यायाम आहे, तो मात्र मी मुलांकडून करून घेत नाही. त्यातून नेमकी नको ती सवय लागते.

मोबाइलवर उडीचा व्हिडिओ काढत असाल तर धावपट्टीच्या बाजूला, टेकऑफच्या समोर काटकोनात उभं राहा आणि स्लो मोशन लावा. बुटाचं टोक जमीन सोडतंय ती चौकट थांबवा. वरच्या मुठीपासून सरळ खाली पट्टी धरा आणि ती बुटाच्या पुढे येते की मागे ते बघा. बूट पट्टीच्या पुढे, बॉक्सच्या बाजूला असेल तर कोपराकडे बघायची त्या दिवशी गरज नाही.